ठेकेदार ‘उद्या पक्कं’ म्हणतो तेव्हा: घरदुरुस्तीचं काम आणि पैसा दोन्ही हातात ठेवण्यासाठी

नागपुरात घरदुरुस्तीचा हंगाम वर्षातून दोनदा येतो. एकदा दिवाळीच्या तोंडावर, रंगरंगोटीसाठी. दुसऱ्यांदा एप्रिल-मेमध्ये, पावसाआधी छताचं काम उरकायला. दोन्ही वेळा चांगला मिस्त्री मोकळा नसतो आणि जो मोकळा असतो तो का मोकळा आहे हे नंतर कळतं. मग बाथरूम फोडून ठेवलेलं असतं, निम्म्याहून जास्त पैसे गेलेले असतात, दारात रेतीचा ढीग असतो आणि फोनवर एकच उत्तर मिळतं: “हो न काका, उद्या पक्का माणूस पाठवतो.”

हा लेख त्या फोनच्या आधी काय करायचं आणि नंतर काय करायचं, याबद्दल आहे. मी आधीच्या भागावर जास्त लिहिणार आहे, कारण नोटीस, ग्राहक आयोग वगैरे मार्ग चालतात, पण ज्याने सुरुवातीला कागद आणि हिशोब नीट ठेवला त्यालाच ते चालतात.

ठेकेदाराचं गणित

बहुतेक छोटे ठेकेदार लबाड नसतात, ते उसनवारीवर धंदा चालवतात. मानेवाड्याच्या साइटवर मिळालेला बयाणा बेशाच्या साइटवरच्या मजुरांच्या हप्त्यात, म्हणजे आठवड्याच्या मजुरीत, जातो आणि बेशाच्या मालकाने दिलेली उचल आणखी कुठल्या तरी जुन्या कामात. नवीन काम धरल्याशिवाय जुनं पुरं होत नाही. तुमचं काम अर्ध्यावर का थांबलं याचं उत्तर बरेचदा इतकंच असतं: तुमच्याकडून येण्यासारखे पैसे येऊन गेले, आता दुसरीकडून यायचे आहेत.

म्हणून कामापेक्षा पैसा नेहमी एक पाऊल मागे राहिला पाहिजे. तुमच्याकडे त्याचे १५ हजार अडकले असतील तर तो येतो. त्याच्याकडे तुमचे १५ हजार अडकले असतील तर तुम्ही त्याच्या मागे फिरता. पुढची सगळी खटपट या एका गोष्टीसाठी आहे.

दुसरं गणित हंगामाचं. आपल्याकडे कामावर येणारे बरेच मजूर भंडारा-गोंदियाचे, बालाघाट-शिवनीचे किंवा छत्तीसगडचे असतात. रोवणी, म्हणजे धानाची लावणी, लागली की ते गावाला जातात, होळीला जातात, पोळ्याला जातात आणि त्यात ठेकेदाराचं काही चालत नाही. जुलैमध्ये ‘१५ दिवसांत करून देतो’ म्हणणाऱ्याला सरळ विचारा, “भाऊ, रोवणीला तुमची माणसं थांबतात का?” खरा धंदेवाला उत्तर देतो, मुदत वाढवून मागतो. “टेन्शन नका घेऊ साहेब” म्हणणाऱ्याचं थोडं टेन्शन घ्यायला हरकत नाही.

माणूस निवडताना

‘चांगलं काम करतो’ ही ओळख पुरेशी नाही. शेजाऱ्याकडून तीन गोष्टी विचारून घ्या: ठरलेल्या रकमेच्या वर किती गेले, मध्ये काम किती दिवस बंद होतं आणि काम झाल्यावर काही बिघडलं तेव्हा तो आला का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात खरं असतं.

त्याचं झालेलं काम पाहायला जाल तेव्हा किमान एक पावसाळा उलटलेलं काम मागा. महिनाभरापूर्वीचं प्लॅस्टर कुणाचंही छान दिसतं. मे महिन्याचं ऊन आणि त्यावर जूनचा पहिला पाऊस खाल्लेली भिंत काय ते सांगते.

त्याच्या घराचा पत्ता घ्या, आणि शक्य असेल तर एखाद्या निमित्ताने तिथे जाऊन या. हे विचित्र वाटेल, पण पुढे नोटीस पाठवायची वेळ आली तर बहुतेकांकडे फक्त मोबाइल नंबर आणि ‘हुडकेश्वरकडे राहतो’ एवढीच माहिती असते. नोटीस हुडकेश्वरकडे जात नाही, घर नंबरावर जाते. ओळखपत्राची प्रत, पूर्ण नाव, गाडीचा नंबर, आणि फर्मच्या नावाने काम करत असेल तर जीएसटी नंबर लिहून ठेवा. जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाकला की फर्म कोणाच्या नावावर आहे आणि नोंदणी चालू आहे की रद्द, ते लगेच दिसतं.

ठिय्यावरून, म्हणजे रोजीचे मजूर सकाळी उभे राहतात त्या चौकातून, माणसं आणून काम करायचं असेल तर हिशोबच वेगळा. रोजीवर आणलेला मिस्त्री दिवसभर राबला की त्याची रोजी झाली. काम बरोबर झालं की नाही ही जबाबदारी तुमची, कारण देखरेख तुमची. एखादं नळाचं किंवा उंबरठ्याचं काम असेल तर ठिय्या उत्तम. बाथरूम, छत, वायरिंग यांसाठी उक्तं काम द्या, म्हणजे ठरलेल्या मापाला ठरलेला दर आणि जबाबदार माणूस एकच.

मटेरियल कोणाचं

मटेरियलसकट काम दिलं की डोक्याला ताप कमी, पण उचल मोठी द्यावी लागते आणि ती कुठे गेली ते कळत नाही. माझं मत साफ आहे: टाइल्स, नळ, पाइप, वायर, वॉटरप्रूफिंगचं केमिकल, पुट्टी आणि रंग स्वतः घ्या, बिल स्वतःच्या नावाने घ्या. गांधीबाग, इतवारीत किंवा घराजवळच्या हार्डवेअरमध्ये ठेकेदाराला सोबत न्या, पण पैसे दुकानदाराला द्या. त्याला दुकानातून कमिशन मिळत असेल तर मिळू द्या, त्यावरून भांडण्यात अर्थ नाही.

सिमेंट, रेती, गिट्टी त्याच्याकडून घेणार असाल तर मोजून घ्या. रेतीचा एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॅक्टर आला की रिकामी करण्याआधी ट्रॉलीच्या आत टेप लावा. लांबी १० फूट, रुंदी ६ फूट आणि रेती सपाट केल्यावर उंची दीड फूट भरली, तर ती ९० घनफूट झाली, ब्रास नाही. वर केलेला ढिगारा वाटेत दबतो, म्हणून माप सपाट करूनच. सिमेंटच्या पोत्यावर कोणत्या आठवड्यात, कोणत्या वर्षी बनलं ते छापलेलं असतं. तीन महिन्यांपेक्षा जुनं किंवा पोत्यात गाठी झालेलं सिमेंट परत करा. ‘ही गाठ फुटते हाताने’ असं तो म्हणेल. फुटू द्या, तरी परत करा.

आणि रेती रस्त्यावर किती दिवस राहणार तेही ठरवा. मनपाचं उपद्रव शोध पथक रस्त्यावर बांधकामाचं साहित्य किंवा मलबा दिसला की दंड करतं, आणि तो घरमालकाच्याच नावाने येतो.

एक पानाचा करार

वकिली भाषेची गरज नाही. मराठीत, एका पानावर, दोघांच्या सह्या आणि दोन साक्षीदार. काम मोठं असेल तर स्टॅम्पपेपरवर करा. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात १००-२०० च्या स्टॅम्पची जागा ५०० च्या स्टॅम्पने घेतली आहे. छोट्या कामाला साध्या कागदावर सह्या घ्या आणि त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर त्यालाच पाठवून “बरोबर आहे ना भाऊ?” असं विचारा. त्याचं “हो” आलं की तेही उपयोगी पडतं.

या पानात नेहमी राहून जातात अशा गोष्टी सांगतो. प्लॅस्टर किंवा पुट्टीचं माप धरताना दारं-खिडक्यांची वजावट होणार की नाही. शेवटच्या बिलावर सगळ्यात मोठं भांडण इथेच होतं, कारण मालक वजावट गृहीत धरतो आणि मिस्त्री धरत नाही. मलबा कोण उचलणार आणि कोणाच्या खर्चाने. पाणी आणि वीज कोणाची. वाढीव काम निघालं तर दर आधी लिहून ठरवायचा, नंतर ‘समजून घेऊ’ नाही. काम किती दिवस सलग बंद राहिलं तर करार मोडला असं धरायचं. आणि काम झाल्यावर किती दिवस राखीव रक्कम तुमच्याकडे राहणार.

मुदत लिहिताना तारीख लिहा. ‘दिवाळीपर्यंत’ म्हणजे वसुबारस की भाऊबीज, यावर कुणी हात वर करू नये.

भिंत पाडायची, गॅलरी बंद करायची, खोली वाढवायची असेल तर आधी परवानगी बघा. शहरात हे मनपा किंवा नासुप्रकडे (नागपूर सुधार प्रन्यास) जातं, फ्लॅट असेल तर सोसायटीचीही मंजुरी हवी. परवानगीशिवायच्या कामात ठेकेदार पळाला तर तक्रार करताना तुमचाच हात दगडाखाली असतो.

पैशाचे टप्पे

समजा, दोन बाथरूमचं मजुरीचं काम २ लाखांत ठरलं, सामान तुमचं. मी असे टप्पे पाडीन: बयाणा २० हजार. तोडफोड होऊन मलबा उचलला गेला की ३० हजार. पाइप टाकून प्रेशर टेस्ट आणि सन्कन भागात (बाथरूमचा खाली घेतलेला स्लॅब) पाणी भरून तपासणी झाली की ४० हजार. टाइल्स ग्राउटसकट (टाइल्समधल्या फटी भरून) लागल्या की ५० हजार. नळ, कमोड, दारं बसून पाणी सोडलं की ४० हजार. उरलेले २० हजार दोन महिन्यांनी, किंवा एक पावसाळा उलटल्यावर.

टप्प्याचं नाव कामावरून ठेवा, तारखेवरून किंवा दिवसावरून नाही. ‘दर शनिवारी १० हजार’ हा करार म्हणजे त्याचा पगार झाला, काम झालं की नाही हा प्रश्नच उरत नाही.

मजुरांचा हप्ता बहुधा बाजाराच्या दिवशी होतो, त्यामुळे त्या दिवशी दुपारी फोन येणारच: “साहेब, पोरायचा हप्ता आहे, ५ हजार टाका, पुढच्यात कापून घ्या.” कधीमधी द्यायला हरकत नाही, माणुसकी आहे. पण देताना यूपीआयच्या शेऱ्यात ‘तिसऱ्या टप्प्यातून उचल’ असं लिहा. रोख द्यायची वेळ आली तर वहीत सही घ्या. एका कामाचे २ लाख किंवा त्याहून जास्त रोखीत घेण्याला आयकर कायद्याची मनाईच आहे, तेव्हा ‘कॅशमध्ये द्या, स्वस्तात करून देतो’ याला बळी पडू नका. बिल नाही म्हणजे तक्रार करतानाही पुरावा नाही.

कधी मजूरच दारात येतात, एखादी रेजा (मजूर बाई) म्हणते, “ताई, आमाले दोन हप्त्यापासून पैसे नाही भेटले.” तिचे पैसे ठेकेदाराने खाल्लेत, तुम्ही नाही, पण तिला रिकाम्या हाताने परत पाठवणंही जमत नाही. अशा वेळी ठेकेदाराला फोन लावून, स्पीकरवर ठेवून, व्हॉट्सॲपवर त्याचा मेसेज घ्या: ‘माझ्या हिशोबातून अमुक यांना इतके द्या.’ मगच द्या आणि कापून घ्या. मेसेज नसताना दिलेले पैसे तो पुढे ‘ते तुमच्यात आणि त्यांच्यात’ म्हणून झटकतो.

काम चालू असताना

रोज दहा मिनिटं साइटवर जा, आणि जाताना मिस्त्रीच्या डोक्यावर उभे राहू नका. फोटो काढा, वहीत एक ओळ लिहा: किती माणसं आली, काय झालं. ही वही पुढे साक्षीदारापेक्षा जास्त कामाला येते.

अवजारांवर नजर ठेवा. टाइल कटर, ड्रिल मशीन, ओळंबा, लेव्हल रात्री तुमच्याकडेच राहत असतील तर तो उद्या येणार आहे. कटर गेलं, फक्त दोन घमेली आणि एक फुटकी बादली उरली, तर तो दुसऱ्या साइटवर लागला आहे, मग फोनवर तो काहीही म्हणो. त्याच संध्याकाळी विचारा, आठ दिवसांनी नाही.

आता तपासणी. झाकल्या जाणाऱ्या गोष्टी झाकण्याआधी पाहायच्या, एवढं तत्त्व धरा.

पाइप भिंतीत टाकले की टाइल्स लावण्याआधी हातपंपाने प्रेशर देऊन काटा खाली येतो का ते बघा. सन्कन भागात वॉटरप्रूफिंग झाल्यावर पाणी भरून खालच्या मजल्याचं छत तपासा. वायरिंगला दिव्यांसाठी १.५, प्लगसाठी २.५ आणि एसी-गिझरसाठी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर लागते. वायरवर छापलेलं असतं, वाचून घ्या. प्लॅस्टरने झाकण्याआधी प्रत्येक भिंतीचा टेप लावून फोटो काढा. पुढे खिळा मारताना हाच फोटो तुम्हाला वाचवतो.

प्लॅस्टर आणि काँक्रीटला पाणी मारण्यात नागपुरात सगळ्यात जास्त चोरी होते, आणि इथल्या उन्हात तीच सगळ्यात महाग पडते. काँक्रीटसाठी आयएस ४५६ हे मानक साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि उष्ण-कोरड्या हवेत किमान १० दिवस ओलावा ठेवायला सांगतं. राखमिश्रित पीपीसी सिमेंटला त्याहून जास्त. आपला मे म्हणजे उष्ण-कोरड्या हवेचं पुस्तकातलं उदाहरण. सकाळी मारलेलं पाणी अकरापर्यंत उडतं. त्यामुळे तराई, म्हणजे हे पाणी मारणं, कोण करणार ते करारातच लिहा, आणि ओलं गोणपाट टाकायला लावा. तराई तुम्ही स्वतः करणार असाल तर तसंही लिहा, नाहीतर तडा गेला की तो म्हणेल, “पाणी तुम्हीच नाही मारलं काका.”

कालवलेला मसाला दुपारी जेवून आल्यावर पुन्हा पाणी टाकून वापरू देऊ नका. सिमेंट अर्ध्या-पाऊण तासात धरायला लागतं, मेलेल्या मसाल्याचं प्लॅस्टर नखाने खरवडलं तरी रेती पडते.

टाइल्स लागल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नाण्याने प्रत्येक टाइल वाजवा. पोकळ आवाज येईल तिथे पेन्सिलने फुली मारा, फुल्यांचा फोटो काढा. मग मगभर पाणी टाका, ते जाळीकडे जातं की दाराकडे, ते बघा. हे ग्राउट भरण्याआधी.

छताची पाणी-परीक्षा

छताच्या वॉटरप्रूफिंगबद्दल वेगळं लिहितो, कारण ‘१० वर्षांची गॅरंटी’ या तीन शब्दांवर सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडतात. उतार आधी बघा. साधारण १०० ला १, म्हणजे १० फुटांना सव्वा इंच तरी उतार पाइपाकडे हवा. उतारच चुकला असेल तर कोणतंही केमिकल लावा, पाणी साचणार आणि वाट शोधणार.

काम वाळल्यावर पाइपाची तोंडं कापडाच्या गोळ्यांनी बंद करा आणि साधारण दोन इंच पाणी भरा. कठड्याच्या भिंतीवर पाण्याच्या पातळीची पेन्सिलने रेघ मारा आणि वेळ लिहा. आता उन्हाळ्यात अडचण अशी की पाणी नुसतं ऊनच पिऊन टाकतं, आणि ठेकेदाराला आयतं कारण मिळतं. त्यासाठी एक रुंद घमेलं पाणी भरून त्याच छतावर, त्याच उन्हात ठेवा आणि त्यातही रेघ मारा. चोवीस तासांनी दोन्ही रेघा बघा, अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा बघा. घमेल्यात जितकं घटलं तितकंच छतावर घटलं, तर ते उन्हाने नेलं. छतावरचं जास्त घटलं, तर पाणी कुठे तरी शिरतंय. खालच्या खोलीचं छत, विशेषतः पंख्याचा हूक आणि कोपरे, टॉर्च तिरपा धरून तपासा. या सगळ्याचा तारखेसकट व्हिडिओ ठेवा.

एक काळजी मात्र घ्या. ५०० चौरस फुटांवर दोन इंच पाणी म्हणजे सव्वादोन टनांहून जास्त वजन. महाल भागातल्या जुन्या वाड्याचं किंवा आधीच सळई उघडी पडलेलं छत असेल तर अभियंत्याला दाखवल्याशिवाय पाणी भरू नका.

गॅरंटी लिहून घेताना कोण देतंय ते बघा. केमिकलच्या कंपनीची गॅरंटी मालावर असते, लावण्यावर नाही. ठेकेदाराने त्याच्या नावाने, गळती झाल्यास मजुरी आणि माल दोन्ही त्याचे, असं लिहून सही केली तरच त्याला किंमत. आणि खिडकीतल्या कूलरच्या पाण्याने आलेली ओल त्याच्या माथी मारू नका. मेमध्ये आलेल्या अशा तक्रारीत आधी कूलरचं पॅड आणि स्टँड पाहावं.

तडे दिसले की लगेच ठेकेदार चोर ठरत नाही, हेही सांगायला हवं. नागपूरच्या बऱ्याच भागांत काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आवळते, आणि पाया उथळ असला तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा तडा जातोच. केसासारखे बारीक, जाळीदार तडे बहुधा तराईतल्या चोरीचे. तिरपा, रुंद होत जाणारा तडा पायाचा प्रश्न असू शकतो, त्याला पुट्टी मारणाऱ्याला पैसे देऊ नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

काम थांबलं तर

पहिल्या दिवशी फोन. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲप, शांत भाषेत. काही असं:

‘भाऊ, १२ तारखेपासून साइटवर कुणी आलं नाही. आतापर्यंत ९० हजारांचं काम झालं, १ लाख ४० हजार दिले आहेत. १५ तारखेला सकाळी ९ वाजता येऊन मोजमाप करू. नाही जमलं तर कधी येता ते आज कळवा.’

यात शिवी नाही, धमकी नाही, पण तारीख, रक्कम आणि मुदत आहे. तो वाचतो आणि उत्तर देत नाही, तरी चालेल. आवाजी मेसेज आले तर ते उडवू नका, आणि फोन बदलला तर जुना फोन जपून ठेवा.

आधी स्वतःच्या बाजूचाही हिशोब बघा. टाइल्स पसंत करायला तुम्हीच तीन आठवडे लावले असतील, बेसिनची जागा दोनदा बदलली असेल, तर त्याच्या माणसांच्या रोज्या फुकट गेल्या आहेत. तेवढं मान्य करून बोललं तर निम्मे वाद इथेच मिटतात.

मोजमापाला तो आला, तर दोघांनी मिळून टेप लावा, वहीत लिहा, सही घ्या. नाही आला तर दोन शेजारी किंवा एखादा सिव्हिल इंजिनिअर सोबत घेऊन तसाच पंचनामा करा: खोलीवार काय झालं, काय राहिलं, काय बिघडलं. फोटो, व्हिडिओ, साक्षीदारांच्या सह्या. मग दुसऱ्या ठेकेदाराकडून उरलेल्या कामाचं आणि दुरुस्तीचं लेखी अंदाजपत्रक घ्या, दोघांकडून घेतलं तर आणखी चांगलं.

हे सगळं झाल्याशिवाय नवीन मिस्त्रीला हातोडा उचलू देऊ नका. एकदा जुनं काम फोडलं की पुरावाही फुटला.

दोन गोष्टी टाळा. त्याची अवजारं अडवून ठेवू नका. ‘माझं मशीन चोरलं’ अशी उलटी तक्रार येते आणि तुमची बाजू पांगळी होते. त्याचा फोटो किंवा ओळखपत्र टाकून सोशल मीडियावर बदनामीही करू नका. राग समजतो, पण त्यातून वसुली होत नाही.

नोटीस आणि मागणीचा आकडा

नोटीस वकिलाकडून गेली तर वजन पडतं, पण स्वतः लिहिलेलीही चालते. त्यात करार, दिलेल्या रकमा तारखेसह, राहिलेलं काम, बिघडलेलं काम आणि १५ दिवसांची मुदत असावी. स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती ठेवा. २०२५ पासून जुनी रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टातच सामावली आहे. शिवाय नोटीसचा फोटो व्हॉट्सॲपवरही टाका.

मागणी हवेतली नको. वरचंच उदाहरण घ्या. २ लाखांचं काम, तुम्ही दिले १ लाख ४० हजार, म्हणजे तुमच्याकडे उरले ६० हजार. नवीन ठेकेदार उरलेलं काम आणि बिघडलेलं सुधारणं मिळून १ लाख ४५ हजार सांगतो. तुमचं नुकसान ८५ हजार. मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च वेगळा मागता येतो, पण ५ लाख मागून बसलात तर तुमच्या ८५ हजारांकडेही कोणी गंभीरपणे बघत नाही.

ग्राहक आयोग

मुदत उलटली की आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. फर्मच्या नावाने चालणारा ठेकेदार कधी कधी इथेच हलतो. गल्लीतला मिस्त्री मात्र याला दाद देत नाही, तेव्हा फार वाट पाहू नका.

पुढचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोग. नागपुरात तो सिव्हिल लाइन्समध्ये आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, पैसे देऊन घेतलेल्या सेवेतली त्रुटी ही तक्रारीची बाब आहे, आणि घरबांधणीचा सेवेच्या व्याख्येत स्पष्ट उल्लेख आहे. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ठेकेदार कुठलाही असो. वकील बंधनकारक नाही. मोबदल्याची रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतची प्रकरणं जिल्हा आयोगातच चालतात. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत आहे. ‘करतो करतो’ ऐकत ती संपवणारे लोक मी पाहिले आहेत.

तक्रारीला जोडायचं ते तुमच्याकडे आधीच आहे: करार, वहीची पानं, बँकेचा उतारा, मेसेजच्या छापील प्रती, फोटो, पंचनामा, अंदाजपत्रक, नोटीस आणि पोच. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात, फार तर आणखी १५. कायद्यात ३ महिन्यांत निकालाची अपेक्षा आहे, तपासणी लागली तर ५ महिन्यांत. प्रत्यक्षात जास्त लागतात, तयारी त्या हिशोबाने ठेवा. निकाल न पाळणाऱ्याला एक महिना ते ३ वर्षं कैद किंवा २५ हजार ते १ लाख दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि ठेकेदाराला वकील हेच आधी समजावून सांगतो.

कोर्टकचेरी नको असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून दाखलपूर्व प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं. तिथे दोघांची तयारी लागते.

पोलिसांकडे कधी जायचं? काम वाईट झालं किंवा उशीर झाला, तर ठाण्यात ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ असं सांगतात, आणि ते बरोबर आहे. पण खोटं नाव-पत्ता देऊन, एकही दिवस काम न करता, चारपाच घरांतून बयाणा घेऊन माणूस गायब झाला असेल तर तो सुरुवातीपासून फसवण्याचा इरादा आहे, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली तक्रार होऊ शकते. इतर घरमालक शोधून एकत्र गेलात तर तक्रार घेतली जाण्याची शक्यता वाढते.

समझोता

आयोगाची नोटीस गेल्यावर तो एखाद्या ओळखीच्या माणसाला घेऊन घरी येतो. “काका, बसून मिटवू.” बसा, चहा पाजा, आणि मिटवाही, वर्षभर तारखा खाण्यापेक्षा ६० हजार आज बरे. पण ‘उरलेलं काम करून देतो’ हा प्रस्ताव असेल तर नवीन पैसे एक रुपयाही पुढे द्यायचे नाहीत, तारखा लिहून घ्यायच्या, आणि काम तपासून होईपर्यंत तक्रार चालू ठेवायची. पैसे परत देत असेल तर रक्कम, हप्ते आणि तारखा लिहिलेली तडजोड दोघांच्या सहीने आयोगासमोर नोंदवून घ्या. चेक दिला तर तो वटून खात्यात पैसे दिसेपर्यंत तक्रार मागे घेण्याच्या अर्जावर सही करू नका.